शाळेत सांगितलेला आकडा

गुरुजी,

त्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठलो, आंघोळ करून देवापुढे बसलो, आणि कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा ड्युटीला न जाता इस्त्रीचा सदरा घालून मुलीच्या शाळेची वाट धरली. अर्ध्या दिवसाची सुट्टी आदल्या दिवशीच मागून ठेवली होती. लढाई चालू, पाळीवर पाळी लागलेली, खिडक्यांच्या काचांना काळे कागद. अशा दिवसांत सुट्टी मागणारा माणूस फोरमनला आजारी तरी वाटतो, नाहीतर कामचोर. "क्या भैया, बिटिया का ब्याह है क्या?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ब्याह नाही, शाळेत दिल्लीचे साहेब येणार आहेत, नागरिकशास्त्राचा कार्यक्रम आहे. तो इतका हसला की शेजारच्या लेथवरच्या माणसाने मशीन थांबवून काय झालं ते विचारलं. नागरिकशास्त्रासाठी सुट्टी! तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, पण तुमच्या तऱ्हेने, ओठ न हलवता, नाकातून. ते हसणं मला अजून आठवतं आणि मला ते कधीच आवडलं नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहितो आहे.

तुम्ही इंग्रजांच्या राज्यात नागरिकशास्त्र शिकवलंत आणि ते राज्य जायच्या आत तुम्हीच गेलात. आता राज्य आपलं आहे. आमच्या वसाहतीतल्या शाळेत हा विषय नीट शिकवला जावा असं दिल्लीच्या सरकारने ठरवलं, आणि नुसतं ठरवलं नाही, मदतही पाठवली. वेगळी खोली, भिंतभर नकाशा, चित्रांची पुस्तकं, एक रेडिओ. एका तरुण शिक्षकाला दिल्लीला बोलावून, शिकवून परत धाडलं. त्या सरांबद्दल मी वाकडं लिहिणार नाही. वसाहतीतला सार्वजनिक नळ कित्येक महिने गळत होता. सरांनी मुलांकडून अर्ज लिहून घेतला, खाली मुलांच्याच सह्या घेतल्या, आणि मुलांनाच तो ऑफिसात द्यायला लावला. नळ दुरुस्त झाला. माझी मुलगी त्या नळाचं पाणी पिऊन घरी आली, तिची हनुवटी ओली होती, म्हणाली, "बाबा, ये हमने करवाया." घरात आम्ही मराठी बोलतो, ती उत्तर हिंदीत देते. त्या दिवशी मला त्याचंही काही वाटलं नाही. तुम्ही आमच्याकडून कर्तव्यं पाठ करून घेतलीत. नागरिकाला काही मागताही येतं, हे मला माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडून कळलं.

पण दिल्लीचे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर सर घाबरले. मदत पुढच्या वर्षी चालू राहणार की नाही ते या भेटीवर अवलंबून होतं. त्यांनी मुलांना भाषणाला विषय दिला: माझे वडील देशासाठी काय करतात. वर बजावलं, नुसतं देशसेवा म्हणू नका, काय बनवतात आणि किती बनवतात ते घरून विचारून या, साहेबांना आकडा आवडतो. माझी मुलगी जेवताना मला विचारायला लागली. आमचा जबलपूरचा कारखाना दारूगोळ्याचा. गेटवर आत जाताना काडेपेटी काढून घेतात आणि बाहेर पडताना तोंड शिवून देतात, असं आम्ही आपसांत म्हणतो. मी सांगितलं, लोखंडाचं काम करतात म्हण. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बाकावर उभं केलं. "तुम्हारे पिताजी को देश पर भरोसा नहीं है क्या?" सगळा वर्ग हसला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेजारच्या क्वार्टरमधल्या फिटरने मात्र आपल्या लेकीला सांगितलं. तो आपल्याच वऱ्हाडातला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. लेकीने काही मागावं आणि त्याने नाही म्हणावं, असं कधी झालेलं नाही. आता त्या सकाळी ती मंचावर उभी आहे. वेणीला नवी रिबन, हात सरळ, जसं शिकवलं तसं. "मेरे बाबूजी के सेक्शन से रोज..." आणि पुढे आकडा. गुरुजी, तो आकडा मी इथेही लिहीत नाही, इतकी सवय आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिल्लीच्या साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिलं बक्षीस दिलं, कमानिया गेटच्या बाजारातून आणलेली नवी कंपासपेटी. फिटर भिंतीशी उभा राहून रडत होता, आनंदाने. दुसऱ्या रांगेत कारखान्याचे सुरक्षा अधिकारी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी शेजारच्याकडे पेन मागितलं.

त्याच आठवड्यात फिटरला सस्पेंड केलं. चौकशी लागली. नोकरी गेली तर क्वार्टरही जाणार, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिला, "मी लेकीले सांगतलं, दादा. दुश्मनाले नाही." मग शाळेचा चपराशी आला. कंपासपेटी परत मागितली होती. फिटरच्या बायकोने ती पदराने पुसून दिली. चपराशाने उघडून पाहिली, एकेक वस्तू बोटाने हलवली. पेन्सिलीला टोक काढलेलं होतं. तो दारात अडला. "दीदी, ये तो छिल गई. ये लूँ कि नहीं?" तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. शेवटी पेन्सिलही घेऊन गेला. मुलगी आतल्या खोलीतून बघत होती. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. घरी कोणी काही विचारलं तर आधी आईच्या तोंडाकडे बघायची, बोलू का म्हणून.

आता तुमच्याकडे येतो, गुरुजी. शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांची ती भेट तुम्हाला आठवत असेल. आपली शाळा एका खोलीची. साहेब येणार म्हणून पाटलाने माणसं धाडून तिचं छप्पर शाकारून घेतलं होतं. त्यात माझा बाप होता. मजुरी नाही, दुपारची भाकरही नाही. आणि त्याच आठवड्यात तुम्ही फळ्यासमोर उभं राहून शिकवलंत की कोणाला वेठीला धरणं हा गुन्हा आहे, सरकारने ते बंद केलं आहे. साहेबांनी विचारलं, "गावात कोणी वेठीला जातं का?" मी बोट वर केलं. लोक अशा गोष्टी सांगताना धैर्य वगैरे म्हणतात. माझ्यात धैर्य नव्हतं, मला फक्त उत्तर येत होतं. मी म्हणालो, हो साहेब, माझा बाप जातो, हे वरचं छप्पर त्यानेच केलं. साहेबांनी वर पाहिलं. सगळ्या पोरांनी वर पाहिलं. तुम्ही तेवढे माझ्याकडे पाहत होता.

साहेबांची बैलगाडी नदीपलीकडे जाईपर्यंत तुम्ही थांबलात. मग माझ्या बापाला बोलावणं गेलं. पाटील खुर्चीवर, तुम्ही उभे, हातात छडी. "पोरगं खोटं बोललं, हे त्याच्याच तोंडून निघू द्या," तुम्ही म्हणालात. निघेना, तेव्हा तुम्ही मारलंत. मारताना तुमचा श्वाससुद्धा वाढला नाही, तुम्ही जसे पाढे म्हणून घ्यायचात तसे मारत होता. शेवटी बापच पुढे झाला. त्याच्या तळहातांवर गवताने कापल्याच्या ताज्या रेघा होत्या. तेच हात जोडून तो म्हणाला, मी छपरावर गेलोच नव्हतो, मालक. तुम्ही म्हणालात, "ऐकलंस?" मी म्हणालो, ऐकलं. संध्याकाळी तुम्ही मला घरी नेलंत. तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून बाईंनी मला भाकर आणि तेल-चटणी वाढली. तुम्ही चुलीकडे तोंड करून म्हणालात, "शाळेची ग्रँट गेली असती. पोरगं रडतं आणि गप होतं. शाळा एकदा गेली की गेली." मला भूक होती. मी जेवलो.

त्यानंतर तुम्हीच मला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलंत. जबलपूरच्या कारखान्यात भरती आहे ही बातमी तुम्हीच आणलीत, आणि मदन महल स्टेशनवर मी गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या अंगात तुमचा कोट होता. तुम्ही नुसते वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. माझा बाप मरेपर्यंत तुम्हाला देवमाणूस म्हणत होता. त्या छपराबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. पावसाळ्यात शाळा गळत नाही असं कोणी म्हटलं की तो उठून बैलाला पाणी दाखवायला जायचा.

फिटरच्या चौकशीत सरांनी लिहून दिलं की आपण कोणताही आकडा मागितला नव्हता, मुलगी स्वतःहून बोलली. इतर पालक गप्प बसले. साक्षीला माझं नाव फिटरने दिलं, कारण माझी मुलगी त्याच वर्गात. सरांनी आकडा मागितला होता हे सिद्ध झालं तर फिटरला ताकीद मिळून सुटता येणार होतं, नाहीतर त्याचं नाव कायमचं कटणार होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी हेडमास्तर स्वतः माझ्या घरी आले. चहा घेतला, देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. "भाईसाहब, आप बस इतना कहिए कि आपको कुछ मालूम नहीं. झूठ भी नहीं हुआ. एक आदमी की बात है, इधर पूरा स्कूल है. दिल्ली की मदद एक बार बंद हुई तो हमारे जीते जी वापस नहीं आएगी." ते अगदी भले गृहस्थ आहेत. कपातला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला, जसा तुम्ही प्यायचात.

ते गेल्यावर बायको आतून म्हणाली, "काहून मधात पडून राहिले तुम्ही? त्याची नोकरी तुमच्या बोलण्यानं राहीन का नाही ते देवाले माहीत. आपल्या पोरीचं मात्र वाटोळं होईन." मी म्हटलं, त्याचीही पोरगीच आहे. ती म्हणाली, "अच्छा, मग तिलेच घेऊन या घरी, हिले देऊन टाका." मुलगी दप्तर भरत होती. वर्गाच्या संसदेत तिला मंत्री केलं होतं, नळ आणि साफसफाई तिच्याकडे होती. ती माझ्याजवळ आली आणि फार समजुतीने म्हणाली, "बाबा, बोल दो ना कि पता नहीं. सर कहते हैं, स्कूल के लिए बोला हुआ झूठ, झूठ नहीं होता." मी विचारलं, हे कधी सांगितलं? "आज. पूरी क्लास को." ज्या खोलीत मुलांना अर्ज लिहायला शिकवलं त्याच खोलीत, त्याच नकाशाखाली. मी देवापुढे बसलो. माझा देव बोलत नाही. मी उठलो आणि जेवून झोपलो.

निकाल लागून गेला आहे, तो आधी सांगतो. फिटरची नोकरी राहिली. बढती थांबली, त्याला दुसऱ्या सेक्शनला टाकलं. तो आता मला दादा म्हणत नाही, समोरून आला तर चप्पल नीट करायला वाकतो. त्याच्या बायकोने बोलून दाखवलं की बोलायचंच होतं तर भाषणाच्या आधी बोलायचं. तिचं बरोबर आहे. सरांना काढलं. कोणी म्हणतं ते रिछाईच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहितात. दिल्लीची मदत थांबली, रेडिओ परत गेला, नागरिकशास्त्राच्या खोलीला कुलूप आहे. आता आठवड्यातून एकदा पी.टी.चे मास्तर पुस्तकातून कर्तव्यं वाचून दाखवतात आणि मुलं पाठ करतात. नळ पुन्हा गळतो आहे. माझ्या मुलीला मी म्हटलं, अर्ज लिहू या. ती म्हणाली, "आप ही लिखो."

तरी मी साक्ष दिली, आणि पुन्हा वेळ आली तर देईन. कारखान्याच्या ऑफिसात टेबलामागे अधिकारी बसले होते, फिटर उभा होता, सर भिंतीशी खुर्चीवर. मला विचारलेला प्रश्न साधा होता: आकडा घरून विचारून आणायला सरांनी सांगितलं होतं का? हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. फिटर वाचायला तो एक शब्द पुरेसा होता. मी हो म्हणालो आणि थांबलो नाही. मुलीला बाकावर उभं केलं ते सांगितलं, वर्ग हसला ते सांगितलं, शाळेसाठी बोललेलं खोटं चालतं हे मुलांना शिकवलं ते सांगितलं. मध्येच पाणी मागितलं आणि सावकाश प्यालो. सर खाली बघत होते, त्यांचे कान लाल झाले होते. तिशीलाही न पोचलेला तो माणूस. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला तुम्ही दिसत होता, गुरुजी, खुर्चीवर, मान खाली घातलेले. अधिकारी म्हणाले, बस, हो गया. मी म्हणालो, साहब, एक बात और. फिटरची मला त्या वेळी आठवणही नव्हती. मला ते गोड लागत होतं. देवापुढे हे मी अजून बोललेलो नाही.