मुठीचे पाऊल

धार, आषाढ शुद्ध ६, शके १८२९

चि. सौ. जानकी हीस माईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पावले. बारसे यथासांग झाले, तू व बाळ दोघी खुशाल, हे वाचून जीव भांड्यात पडला. यशवंता अजून महाराजांच्या स्वारीबरोबर बाहेरगावीच आहे. तिथे बसून लेकीचे नाव सुचवले ते काय, तर विद्युल्लता! अण्णा म्हणाले, थोरली सरला आणि धाकटी विद्युल्लता, जोडी शोभते. मी म्हटले, शोभते खरी, पण एवढी हाक पुरी होईतो चुलीवरचे दूध उतू जाईल. मी आपली विदू म्हणणार. दुसरीही मुलगीच, म्हणून शेजारच्या दोघी-तिघी हळहळायला आल्या होत्या. त्यांना हळदकुंकू लावून वाटेला लावले.

सरूचा डांग्या खोकला आता बराच उतरला आहे. पण तान्ह्या बाळाजवळ इतक्यात नेऊ नका, असे वैद्यांचे सांगणे, तेव्हा बाळंतपणापुरती म्हणून मागे राहिलेली तुझी लेक आणखी काही दिवस माझ्याच पदराशी राहणार. पाच वर्षांच्या जिवाला इतके प्रश्न पडतात तरी कुठून? बाळाला दात नाहीत, तर ते हसते कशाने? पोटात अंधार असतो, तिथे ते भीत नव्हते का? आपल्याला एक ताई आहे हे त्याला कोणी सांगितले आहे का? त्यात अण्णांनी तिला सांगून ठेवले की तुझ्या माहेरी देवासला एकाच गावात दोन राजे, एक थोरल्या पातीचे नि एक धाकट्या पातीचे. झाले! बहीण धाकटी, म्हणजे ती धाकट्या पातीच्या राजाची, आणि ते राजे तिला धारला येऊ देतील का, हा घोर तेव्हापासून लागला आहे.

कालपासून तर तिने नवेच काढले आहे. बाळ आहे हे कशावरून, म्हणते. धारमधल्या कोणी पाहिले आहे? वकिलाच्या घरी जन्मायची ती आमच्याकडे आली. तेव्हा तू एक कर. बाळाचे दोन्ही तळपाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटव आणि धाडून दे. सरूचे निमित्त सांगते, पण मलाही ती पावले पाहायची आहेत ग.

तुझ्या आईस नमस्कार. उत्तराला उशीर करू नकोस. इथे सरू वाट पाहते आणि तिच्याहून जास्त मी.

माई


देवास, आषाढ शुद्ध १०

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद.

इंदुरास जाऊन मास्तर झालास तो बहिणीला विसरलास. आई म्हणते, लाडू संपले की तुझे पत्र येते. हे पत्र मात्र लाडवांचे नाही, नीट वाच आणि वाचून चुलीत घाल.

बाळाचा डावा पाय घोट्यापाशी आत वळलेला आहे. तळवा जमिनीकडे पाहायचा तो उजव्या पायाकडे पाहतो. जन्मली तेव्हापासूनच असा आहे. तिला दुखत नाही, उलट तोच पाय जास्त झाडते. धापूबाई सुईण रोज तेल लावून हळूहळू वळवते. तिचे एकच पालुपद, सब ठीक हुई जायगा. तू तिथल्या एखाद्या जाणत्या डॉक्टरास विचार, अशा पायाला काही उपाय असतो का.

धारला यातले काही ठाऊक नाही आणि तूही कळवू नकोस. पौषातल्या ग्रहणात माईंनी मला हातात काही न घेता स्वस्थ बसायला सांगितले होते. मला बसवेना. सरूच्या परकराचा काठ कातरत होते, तो माई आल्या. त्यांनी हातातली कात्री तेवढी काढून घेतली. आता दुसरी मुलगी, त्यात तिचा पाय असा. माईंच्या डोळ्याला डोळा मी कसा देऊ? आणि नाही गेले, तर तिथे माझी सरू आहे रे.

त्यात त्यांनी बाळाची दोन्ही पावले मागितली आहेत. उजवे झकास उमटले. डाव्याची नुसती कडेची रेघ येते. तेव्हा गौरीची पावले काढतो तशी माझी मूठ कुंकवात बुडवून टेकवली आणि वर बाळाच्याच करंगळीने पाच ठिपके दिले. आईला दाखवले, तिलासुद्धा फरक कळला नाही. केले खरे, पण मनाला बरे वाटत नाही.

काय ते लवकर कळव. तुझ्यावर माया आहे म्हणून रागावते आहे.

जानकी


देवास, आषाढ शुद्ध ११

ती. सौ. माईंचे चरणी जानकीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपली आज्ञा झाली त्याप्रमाणे विदूची पावले सोबत धाडली आहेत. डावे जरा फुगीर उमटले आहे. ती स्वस्थ म्हणून राहत नव्हती.

सरूला सांगावे की तुझे सगळे प्रश्न मी बाळाला विचारले. दात नसले तरी ते डोळ्यांनी हसते, आणि खरे हसते की झोपेत कोणी हसवते, हे अजून मलाही कळलेले नाही. अंधाराला ते भीत नाही. उजेडाला मात्र बिचकते आणि समईकडे टक लावून पाहत राहते. आपला हात आपलाच आहे हे त्याला ठाऊक नाही. तो समोर आला की कोण हे पाहुणे, अशा चेहऱ्याने पाहते. काल शिंक आली तर स्वतःच दचकले. सरूही अशीच होती का, हे मी आठवू लागले तर काही आठवेना, याचे आश्चर्य वाटले. ताईचे नाव मी रोज त्याच्या कानात सांगते. राजांचा घोर करू नये. माझे माहेर थोरल्या पातीत आणि सुईण धाकट्या पातीतली, पण बाळासाठी दोन्ही राजे मिळून काही हुकूम काढतील असे दिसत नाही.

सरूचा खोकला पुन्हा उसळला तर मला लपवू नये. अण्णांस साष्टांग नमस्कार. माझे चुकले-माकले पोटात घालावे, एवढीच विनंती.

जानकी


धार, श्रावण शुद्ध ३

चि. सौ. जानकी हीस अनेक आशीर्वाद.

पावले पोचली. बाळ आहे, असा निकाल सरूने दिला. उजव्या पावलावर तिने स्वतःचे बोट फिरवून पाहिले, नाक लावून वास घेतला, आणि हे आपल्या पावलात किती वेळा बसेल म्हणून त्यावर उभी राहणार तो मी कागद ओढून घेतला.

आता गौरी जवळ आल्या, म्हणून मी तिला पावले काढायला शिकवते आहे. ओली मूठ फरशीवर टेकवायची आणि वर बोटांचे ठिपके द्यायचे. पहिल्या दिवशी तिने बेडकाएवढी पावले काढली. दुसऱ्या दिवशी बरी जमली. तिसऱ्या दिवशी तो कागद मागून घेतला, फरशीवर ठेवला आणि आपल्या मुठीचे पाऊल त्याशेजारी काढून कितीतरी वेळ पाहत बसली. मग मला येऊन विचारते, बाळाला डावा पाय मिटता येतो का? मी म्हटले, पाय कसा मिटेल? तर म्हणते, उजव्या पावलाचा तळवा एकसंध आहे, डाव्याला मधोमध घडी आहे, माझ्या मुठीला पडते तशी. असे का?

मी म्हटले, तुझ्या आईला विचारते.

जानकी, मीही विचारते. तू या घरात आलीस तेव्हापासून दर भाद्रपदात उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तुझ्या मुठीची पावले पाहत आले आहे. करंगळी जराशी आत दुमडलेली. ती मूठ मी कागद उघडताच ओळखली होती. वाटले होते, तू आपणहून सांगशील. आता नातीनेच विचारले आहे, तेव्हा उत्तर द्यावे लागेल. बाळाचा डावा पाय आहे ना?

वाट पाहते. फार वाट पाहायला लावू नकोस.

माई


देवास, श्रावण शुद्ध ८

ती. सौ. माईंचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पाय आहे, माई. घोट्यापाशी आत वळलेला आहे. बाकी पाय गुबगुबीत आहे, पाचही बोटे नखांसकट आहेत. गुदगुल्या केल्या की दोन्ही पाय सारखेच आखडून घेते. पण जमिनीला टेकेल असा तो पाय नाही.

शालिग्रामाने इंदुरास डॉक्टरांना विचारले. ते म्हणतात, लहान आहे तोवर दर आठवड्याला पट्ट्या बांधून थोडा थोडा वळवून पाहता येईल. पुष्कळ फरक पडेल किंवा थोडा पडेल. वचन ते देत नाहीत.

आपल्याला फसवले याची लाज वाटते. ग्रहणाच्या दिवशी आपण कात्री काढून घेतलीत, तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपले ऐकले असते तर, असे रोज तिचा पाय हातात घेतला की वाटते. बोल लावायचा तो मला लावावा, मी मान खाली घालून ऐकेन. पण हिला बघून कोणी त्या घरात तोंड फिरवले, तर ते मला सोसणार नाही. तसे होणार असेल तर स्पष्ट कळवावे. मी हिला घेऊन इथेच राहीन. सरूला मात्र माझ्याकडे धाडावे, तिच्यावाचून मला राहवत नाही. सरूच्या वडिलांना अजून काही कळवलेले नाही. ते कसे लिहावे हे मला सुचत नाही.

अधिक काय लिहू? आपल्या उत्तरावर सगळे आहे.

जानकी


धार, श्रावण वद्य ९

चि. सौ. जानकी हीस अनेक, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला, कारण यशवंताला आधी मीच लिहिले आणि त्याचे पत्र येईतो थांबले. त्याने एवढेच विचारले आहे की तुम्हा दोघींना न्यायला इंदुरास कोणत्या दिवशी यावे. तुझे तू ठरव आणि कळव.

आता माझे ऐक. मी रडले, हे सांगते. लपवाछपवी एकीने केली तेवढी पुरे. हिचे कसे होणार, हिला कोण करून घेणार, लोक काय बोलतील, हे सगळे माझ्याही मनात येऊन गेले. पण राग आला तो पायाचा नाही, मुठीचा आला. माझ्या घरात माझ्याच नातीला यायला वाट नाही, असे तुला वाटलेच कसे? इतकी वर्षे मी तुला काय वाढले ग, भीतीच?

ग्रहणाचे म्हणशील, तर त्याच ग्रहणात आपली म्हैसही गाभण होती. ती काय मांडी घालून जप करत बसली होती? सबंध वेळ कडबा तोडत होती, आणि तिचे रेडकू आज चारी पायांवर गडी गणोजीला अंगणभर पळवते आहे. कात्री मी काढून घेतली ती सासू म्हणून. आता आजी म्हणून परत देते. ये आणि लेकीची झबली बेत. अण्णा परवा न सांगता मोच्याकडे गेले आणि दोन पायांचे दोन तऱ्हेचे जोडे करता येतात का, हे विचारून आले. मी म्हटले, अहो, ती अजून पालथीसुद्धा पडत नाही!

वाटेत त्या डॉक्टरांस दाखवून ये. पट्ट्या बांधतील तर बांधू दे, आठवड्याच्या आठवड्याला जायचे तर जाऊ. त्याची सोय मी लावते.

सरूला सगळे सांगितले. तिला वाईट वाटले की नाही कोण जाणे, कुतूहलच जास्त. मग म्हणाली, यंदा गौरीची डावी पावले सगळी आत वळलेली काढायची, म्हणजे आपलीच वाट आहे हे बाळाला कळेल. मी साफ नाही म्हटले. देवीची पावले तशी काढत नाहीत, आणि तशा पावलांनी देवी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत यायची कशी, असे तिला विचारले.

 ती उंबऱ्याशी गेली, डावा पाय आत वळवला आणि तशीच चालत निघाली. दोनदा पडली. मी उठू लागले तर हाताने मला बसवले. देवघराच्या चौकटीला धरून उभी राहिली, दम घेतला, आणि मला सांगितले की वेळ लागतो, पण पोचता येते.

कुंकवाची वाटी मी तिच्या हातात दिली आहे. रस्ते चिखलाचे आहेत, घाई करू नका. वेळ लागला तरी चालेल, पण पोचा.

माई