साखरेची चिमूट

ज्येष्ठ शुद्ध द्वितीया
ईशकृपेने या बेटावर मुलीच्या घरी सुखरूप पोहोचलो. लाकडी, टुमदार घर. मागे रान, पुढे समुद्र. तान्ह्या नातीने मांडीवर येताच माझ्या मिशा ओढल्या. जावईबापू म्हणाले, की आप्पा, बंदरावरच्या तपासनिसांनी तुम्हाला सोडलं, पण ही बाई काही सोडायची नाही! अंगणातल्या वृक्षावर पक्षी इतके, की संध्या करताना माझे मंत्र मलाच ऐकू येईनात. तांबडे खेकडे गळलेली पाने ओढून नेतात आणि अंगण आपसूक स्वच्छ राहते.

पोथ्यांची पेटी उघडली, तर रुमालाच्या घडीत पिवळ्या मुंग्या, तोंडात अंडी धरलेल्या. एवढा सागर माझ्यासवे ओलांडून आलेले जीव! त्यांना अलगद वृक्षातळी सोडले आणि साखरेची चिमूट ठेवली.

श्रावण वद्य पंचमी
चिमूट रोज घालतो. मुलगी हसली, म्हणे, माझ्या चहातली साखर मोजता आणि मुंग्यांना अन्नछत्र उघडता!

कार्तिक शुद्ध नवमी
पाने साचू लागली आहेत. आज एक खेकडा दिसला. आंधळा, स्वतःभोवती फिरणारा, मुंग्यांनी झाकलेला. जावई म्हणाले, की ही मुंगी इथली नव्हेच. कुणाच्या तरी सामानातून उतरली असणार. मी पोथीतून मान वर केली नाही.

त्यांनी विष आणले होते. दाराशी आलेल्या जिवांना विष घालणार असाल, तर या घरचे पाणी मला वर्ज्य, असे मी बजावले. ते डबा घेऊन परत गेले.

पौष वद्य द्वादशी
आज संध्येत माझा आवाज स्वच्छ ऐकू आला. वृक्षावर एकही पक्षी नाही. घरट्यांतून पिवळी धार बुंध्यावर उतरते आहे.

मुलीला सगळे सांगितले. तिने नातीला माझ्या मांडीवरून उचलून नेले.

माघ वद्य दशमी
विष मी स्वहस्ते घातले. व्यर्थ. मेलेल्यांवरून जिवंत चालतात. बाळाच्या खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. सकाळी प्रत्येक वाटीत प्रेतांचा पूल.

सर्वांभूती एकच नांदतो, हे जन्मभर वाचले. आता ते एकच काहीतरी भिंतीवरून येताना पाहतो आहे.

फाल्गुन शुद्ध तृतीया
दोघे होडी ठरवायला बंदरावर गेले. नाइलाजाने नात माझ्यापाशी. अंगण हलते आहे — उंबरठाही. तिला घेऊन मेजावर बसलो आहे. पायांना आग — खाली बघवत नाही —

नाम घेतो, ते अर्ध्यात तुटते. ती फार रडत होती. बोटाला साखर लावून चाटवली, तेव्हा शांत झाली. हसते आहे. मिशा ओढते —

छतावरून दोरीसारखी — नाही, तिच्याकडे नको — माझ्याकडे या, मी — तिच्या ओठांवर अजून साखर