शनिवार पाळला

गडब, ता. पेण
सोमवार, २१ फेब्रुवारी १९९४

चि. आरोन यास,
मिरियमताईचे शालोम. इस्रायलात आता थंडी ओसरली असेल. सारा आणि मुलं खुशाल ना? इथे वाल चांगला आलाय. बाबांच्या कबरीवरचं गवत गेल्या महिन्यात काढून घेतलं. हरेश स्वतः कोयती घेऊन आला होता.

हरेशबद्दलच लिहायचं आहे, आणि पुतळीबद्दल. पुतळी वाडीवरची कातकरीण, माझ्या साक्षरतेच्या वर्गात येते. तुम्हाला तिथल्या कारखान्यात काळे म्हणून जेवायला वेगळं बसवलं आणि तुम्ही सगळे दारातच बसून राहिलात, ते मी वर्गात सांगितलं. पुतळी म्हणाली, "ताय, तुजा भाव बसला ना? मंग हरेशशेटच्या हाटेलात आमी का नाय बसाचा?"

आपल्या जुन्या दुकानात हरेश हॉटेल चालवतो, ते तुला ठाऊक आहे. कातकऱ्यांना चहा मागच्या पडवीत, जर्मनच्या पेल्यात. प्यायचा, धुवायचा, पालथा घालायचा. हे मात्र मी तुला कधी लिहिलं नव्हतं.

गेल्या सोमवारपासून पुतळी, तिचा नवरा जनू आणि वाडीवरच्या काहीजणी पुढच्या बाकावर बसू लागल्या. कपबशीत चहा मागायचा. नाही दिला तर नुसतं बसायचं. मीही त्यांच्यात. "ताय हाय तवर कोन हात लावत नाय," पुतळी सगळ्यांना सांगायची. गिऱ्हाईकं डिवचायची, "काय गो पुतळे, बिस्कुट पन पायजे काय?" ती म्हणायची, "पायजे. तुज्याच बशीतला."

शनिवार आपला शब्बाथ, काम वर्ज्य. मी गेले नाही. शनिवार पाळला. त्या दुपारी चहाचं उकळतं पातेलं पुतळीच्या अंगावर आलं. मान, खांदा, एक डोळा. पेणला दवाखान्यात आहे. डोळा वाचेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

हरेश म्हणतो, धक्का लागून कलंडलं. फौजदारांनी मला विचारलं, आधी काही बोलणं झालं होतं का? मी म्हटलं, "शनिवारी मी घरीच होते." खोटं नाही ते. पण उत्तरही नाही.

आरोन, शुक्रवारी हरेशने मला बाजूला घेतलं होतं. "मिरियमताय, उद्या तुमचा शनवार ना? घरातच रहा. असा उठवतो त्यांना, परत बसणार नाय." मी होकारार्थी मान हलवली. नुसतं बाकावर बसणं म्हणजे काम नव्हे, एवढं मला कळतं. गेल्या वर्षी तर शनिवारीच मी एसटीने पेणला लग्नाला गेले होते. या शनिवारी मात्र दार लावून, प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर धरून बसले.

काल जनू भेटला. म्हणाला, "ताय, तुजा शनवार व्हता, पुतळीला म्हाईत हाय. ती कोनाला तुज्यावर बोलू देत नाय." मी त्यालाही शुक्रवारचं सांगितलं नाही.

बाबांना खांदा द्यायला आपली माणसं पुरली नाहीत, तेव्हा हरेश आला होता. त्याच्या घराखेरीज इथे माझं म्हणावं असं एक दार उरलेलं नाही. पण ते शब्द ऐकणारी मी एकटीच, आणि मी गप्प राहिले तर तो अपघातच ठरेल. उद्या फौजदारांकडे जाते. शुक्रवारचं सगळं सांगणार, माझ्या मान हलवण्यासकट. त्याआधी पुतळीला सांगायचं आहे. तिच्या उरलेल्या डोळ्यात बघून. त्याचीच भीती जास्त वाटते.

आपली ताई कातकऱ्यांबरोबर बसली होती, असं तिकडे कुणाला कौतुकाने सांगू नकोस.

शुक्रवारपर्यंत त्यांच्यात बसलेली,
मिरियम