पाचव्या माळेची गैरहजेरी

२ जून, मंगळवार
उपास. अधिकाची पोथी वाचून उठतेय तोवर शुभी मोबाइल घेऊन आली. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा निकाल. सगळे विषय सुटले. मी साखर घेऊन देव्हाऱ्याकडं वळले तर म्हणते, थांब आई. खाली एक ओळ होती. 'तृतीय वर्षास अपात्र.'
सगळं सुटलं आणि अपात्र. असा कुठं निकाल असतो?
साखर परत डब्यात टाकली.

४ जून, गुरुवार
दोघी कॉलेजात जाऊन आलो. एसटीत उभ्यानं. खिडकीतला क्लार्क मान वर न करता बोलतो.
"पहिलं वर्ष, पहिलं सेमिस्टर. दोन क्रेडिट राहिलेत. अंतर्गत परीक्षेला गैरहजर. पहिल्या वर्षाचं सगळं सुटल्याशिवाय तिसऱ्यात प्रवेश न्हाई."
म्हणलं, मग दुसऱ्यात कसा दिला?
"दुसऱ्यात चालतं बाई. तिसऱ्यात चालत न्हाई."
पुन्हा परीक्षेचा अर्ज गेल्या दिवाळीआधी द्यायचा होता म्हणे. नोटीस लावली होती म्हणे. कुठं, तर जिन्याखाली. जिन्याखाली आम्ही केरसुणी ठेवतो.
विषय विचारला. 'भारतीय ज्ञान परंपरा.' तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. कोणता दिवस होता ते मला क्लार्कापेक्षा जास्त माहीत आहे.   येताना शुभी खिडकीकडं तोंड करून बसली.

५ जून, शुक्रवार
लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच फिरायला नको.
शुभीच्या पहिल्या वर्षाचं नवरात्र. घट बसलेले. चौथ्या माळेला अणदूरहून निरोप, आई पडली, मांडीचं हाड मोडलं. हे सोलापूरला गोडाऊनच्या नोकरीवर, रविवारीच येणार. घट असताना घराला कुलूप लागत नाही आणि समईत कुणीतरी तेल घालायलाच हवं. सासूबाई असत्या तर प्रश्न नव्हता. मी शुभीला म्हणलं, तू बस. ती म्हणाली, "आई, उद्या टेस्ट आहे." म्हणलं, घरची टेस्ट आधी. हसून म्हणले होते. पाचवी, सहावी, सातवी माळ तिनं केली. मी आठव्या माळेला आले.
वीस मार्कांची टेस्ट. नंतर घेतील म्हणाले. घेतली नाही.
दुसऱ्या वर्षात ढकलली तेव्हा मला वाटलं झाली पास. आमच्या शाळेत वरच्या वर्गात गेलं की मागचं मिटलं. तिनं एकदा म्हणलं होतं, आई एक राहिलंय, अर्ज करावा लागंल. मीच म्हणलं, वर चढवलंय ना, उगं कशाला जुनं उकरायचं.
म्हणजे दोनदा. दोन्ही वेळा मीच.

९ जून, मंगळवार
पुन्हा कॉलेज. विभागातले सर बरे वाटले, चहा विचारला. उपास म्हणून घेतला नाही. म्हणाले, खास परवानगी निघू शकते. कॉलेज आता टेस्ट घेईल, मार्क विद्यापीठाला पाठवता येतील. फक्त त्या दिवशीच्या गैरहजेरीचं कारण कागदावर पाहिजे.
मी सांगितलं, घट होते.
सर हसले. "ताई, ते नका लिहू. मेडिकल आणा, खाली पालक म्हणून तुमची सही. चार दिवसांत मिळतं."
म्हणलं, आजारी नव्हती हो ती.
"मला माहीत आहे. म्हणून तर सांगतोय."
ज्ञान परंपरा शिकवणारे हेच सर.

१० जून, बुधवार
शुभीनं आज भांडं आपटलं. पितळेचं, पोचा पडला.
"तू सही करणार न्हाईस ना? माहीतच होतं. अठ्ठ्याऐंशीतले शहाऐंशी क्रेडिट हायत माझे. तुझ्या समईपायी दोन गेले."
म्हणलं, देवीला मधी आणू नको.
"तूच आणली. मी टेस्टला निघाले होते, चप्पल घातली होती."
चप्पल घातली होती हे मला माहीत नव्हतं. मी तर आदल्या संध्याकाळीच एसटीत बसले होते. म्हणजे ती सकाळी चप्पल घालून उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली. एकटीच. कुणी बघायला नसताना.

१४ जून, रविवार
हे आले. जेवता जेवता सगळं ऐकलं. "टाक की सही. कोण बघतंय?"
म्हणलं, जिच्यासाठी पोरगी घरी बसवली ती देवी बघते.
"मग तिलाच म्हण कॉलेजात ॲडमिशन घे." वर पुन्हा, "न्हाईतर बरंच झालं. ते अणदूरचं स्थळ अजून थांबलंय. वर्षभर घरी बसून काय करंल पोरगी?"
शुभी ताटावरून उठली. मी ह्यांना दुसरी भाकरी वाढली नाही. मागितली तरी नाही.
सही यांची चालत नाही. ॲडमिशनच्या वेळी हे नव्हते, फॉर्मवर पालक म्हणून माझी सही आहे. तीच जुळायला हवी. नाहीतर यांनी जेवणाआधीच केली असती.

१७ जून, बुधवार
मेडिकल आलं. मैत्रिणीच्या ओळखीनं. डॉक्टरनं तोंड बघितलं नाही, तारखा विचारल्या फक्त. 'टायफॉइड. पूर्ण विश्रांतीचा सल्ला.' बरोबर पाचवी ते सातवी माळ.
त्या तीन दिवसांत पोरीनं कडक उपास धरला, तिन्हीसांजेला आरती केली, गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकू लावलं. टायफॉइड!
खाली रेघ. पालकाची सही.
सगळे सज्जन आहेत. सर सज्जन, डॉक्टर सज्जन, हे सज्जन. सगळ्यांना फक्त माझी सही पाहिजे.

१९ जून, शुक्रवार
एकटीच गेले. क्लार्कला म्हणलं, नियम दाखवा. "नियम काय दाखवायचा, मी सांगतोय की." म्हणलं, वाण्याचं बिलसुद्धा मी वाचल्याशिवाय घेत नाही. शेवटी परिपत्रक पुढं टाकलं. तिथंच बाकावर बसून बोट फिरवत वाचलं. दोन तास. तीन पानं. भाषा अशी की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते.
कलमात आजारपण आहे, खेळ आहे, एन.सी.सी. आहे. आणि शेवटी, स्वल्पविरामानंतर, 'अथवा प्राचार्यांच्या मते सबळ असे अन्य कारण.'
सरांनी हे वाचलं नव्हतं? का वाचून सोडलं? क्लार्क म्हणतो, "ते कुणी वापरत न्हाई."

२० जून, शनिवार
अर्ज लिहिला. तीनदा फाडला. दहावीला मराठीत बासष्ट होते, तरी चार ओळी जमेनात. शेवटी साधं लिहिलं. मुलगी आजारी नव्हती. घरात घट होते, माझी आई पडली होती. मुलगी परीक्षेला येणार होती. माझ्या सांगण्यावरून ती घरी थांबली. पुढं अर्ज करायचा होता तोही मीच करू दिला नाही. चूक मुलीची नाही, माझी आहे.
मेडिकलवरपण सही केली. केली, खरंच केली. दोन्ही कागद शुभीपुढं ठेवले. म्हणलं, तुझं वर्ष आहे, तू ठरव.
तिनं मेडिकलवरची सही बघितली, मग माझ्याकडं. "म्हणजे खोटं मी बोलायचं आणि तू देवीसमोर मोकळी. व्हय ना?"
  दुसरा कागद तिनं उघडलासुद्धा नाही.

२३ जून, मंगळवार
अर्जांचा शेवटचा दिवस. दोघी गेलो. प्राचार्यांच्या दारात अकरा ते दीड उभ्या. शुभीनं तिथं उभ्यानं माझा अर्ज पहिल्यांदा वाचला. दोनदा वाचला. घडी घालून पिशवीत ठेवला.
आत प्राचार्य म्हणाले, कारणाचा कागद एकच घेईन. मी शुभीकडं बघितलं. तिनं पिशवीतून माझा अर्ज काढला.

साहेबांनी वाचला. चष्मा काढला. "बाई, हे मी सबळ धरलं तर उद्या रांग लागेल. नवरात्रात अर्धा जिल्हा देवीसाठी अनवाणी असतो."
माझं डोकंच फिरलं. म्हणलं, मग साहेब, या जिल्ह्यात नवरात्रात परीक्षा ठेवता कशाला? कुणाच्या तारखा बघून ठेवता?
शुभीनं माझा पदर ओढला. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग कोपऱ्यात 'विचारार्थ' लिहिलं, सही ठोकली. निर्णय विद्यापीठाचा म्हणाले. तोवर पोरीला तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसू देतील, पण हजेरीत नाव लागणार नाही. नकार आला तर बसलेले दिवस धरायचे नाहीत.
जिन्यात विचारलं, का गं, ते सोपं होतं की. सही होती त्यावर.
"तू कुणालाच कधी म्हणाली नव्हतीस, माझ्या सांगण्यावरून थांबली म्हणून. बाबाला न्हाई, मामाला न्हाई. गावभर मीच नापास." पुढं चालायला लागली. "आणि राग गेला न्हाई माझा. तसं समजू नको."
नाही समजत.

३ जुलै, शुक्रवार
विद्यापीठातून काही नाही. क्लार्क म्हणाला, कमिटी बसली की कळंल. कधी बसती? "बसली की."
ह्यांनी फोनवर स्थळाचं पुन्हा काढलं. म्हणलं, कागद यायचाय. "न्हाई आला तर?" मी फोन ठेवला. पहिल्यांदा, मी आधी.
शुभी रोज जाते. तिसऱ्या बाकावर बसते. सर नावं पुकारतात तेव्हा ती वही उघडून तारीख टाकत बसते म्हणाली. मी विचारलं नव्हतं, आपणहून सांगितलं. आजचा नववा दिवस. आजही नाव आलं नाही.