मोटारीला न भिणारं रडार

हिंगोली

प्रिय भूषण,

आपलं रडार पास झालं. आधी एवढंच वाच, नीट बस, मग पुढे जा. पुण्याच्या प्रयोगशाळेचा निकाल चांगला आलाच, पण काल दिवस मावळताना साखऱ्याला जळबामामांच्या हरभऱ्यात, पाण्याची मोटार चालू आणि बांधावर सगळ्यांचे मोबाईल वाजत असताना, भोंगा वाजला तो फक्त रानडुकरं आल्यावर. हे जमलं नसतं तर आपल्या वर्कशॉपला मी कुलूप लावणार होते.

मागच्या वर्षी मोटार लावली की भोंगा वाजायचा. मामा अख्ख्या गावासमोर म्हणाले होते, "डुक्कर कुठंय? हे तर मोटारीलाच भिऊन राहिलं." तू म्हणालास, मोटारीच्या लहरी अडवायला लोखंडी पेटी कर. मी म्हटलं, बांबूवर टांगायच्या एवढ्याशा डब्याला पेटी कसली? त्यावरून भांडलो आणि तू बंगळूर गाठलंस.

आडोसा हवाच, हे तुझं एक मात्र खरं निघालं. मोटारीचा त्रास होताच, पण डब्यातला वीज पुरवणारा भागही लहरी ऐकणाऱ्या भागाच्या कानाशी सतत कलकल करत होता. म्हणून मी लोखंडाऐवजी लहरी अडवणाऱ्या कार्बनच्या नॅनोनळ्या रंगात घोटल्या. केसाहून कितीतरी बारीक त्या, एकमेकींना चिकटून नुसत्या गुठळ्या व्हायच्या. किती डबे वाया गेले, विचारू नकोस. शेवटी प्लास्टिकला आतून एकसारखा लेप बसला, दोन भागांमध्ये लेप दिलेली पातळ भिंतही घातली, आणि त्या आनंदात मी पठ्ठीने समोरची बाजूही रंगवून टाकली. रडार ठार आंधळं. त्याच्या स्वतःच्याच लहरी आत कोंडल्या. वर्कशॉपमधली पुनम हसून बेजार झाली. समोरचा लेप खरवडला तेव्हा गाडी रुळावर आली.

काल मामा म्हणाले, "आता बराबर वळखून राहिलं, पोरी." मी सगळ्यांदेखत रडले.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच बोलतोस. तुझ्या आई आपल्या लग्नाचं विचारायला घरी आल्या होत्या, तेव्हा रडार होईपर्यंत थांबा म्हणाले. त्यांना वाटलं, मी टाळतेय. हरलेली असताना हो म्हटलं असतं, तर तू कीव करून लग्न केलंस असं जन्मभर वाटलं असतं. आता जिंकलेय, म्हणून मागणी मीच घालते. वर्कशॉप इथेच राहील, मीही. नाही आलास तरी डब्यावर नावं दोघांचीच राहतील. पण ये.

आता उघडपणे तुझीच,
सरिता