टोपलीतल्या भाकऱ्या

शांघाय, ५ नोव्हेंबर २०२४

सौ. रेणुकास,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. नार्नूरला सगळे बरे असाल. कापूस वेचायला बाया मिळाल्या का? माझा फोन तू उचलत नाहीस. भूषणच्या कंपनीतला राजकुमार गावाकडे निघालाय, म्हणून त्याच्या हाती पत्र देते.

लेकाकडे येऊन महिना झाला. पहिला आठवडा नुसता भात आणि घरून आणलेल्या ठेच्यावर काढला. मग एकदा आगगाडीत डबा उघडला, तर शेजारच्या बाईने खुणेने ठेचा मागितला. चमचाभर खाल्ला आणि पाणीसुद्धा प्यायली नाही. ती हुनान प्रांताची. तिने तिच्या मुलखाच्या एका हॉटेलाचं नाव कागदावर लिहून दिलं. तिथे मिरच्यांच्या ढिगात भाजी शोधावी लागली. जीव सुखावला.

त्या हॉटेलात शेजारी बॅग घेऊन एक म्हातारे प्रवासी बसले होते, शान्शी प्रांताचे. भूषणला चिनी येतं. त्याला म्हणाले, आईला आमच्याकडचंही खाऊ घाल. मला तर आता चटकच लागली होती. रविवारी त्यांनी दिलेला पत्ता शोधला. मालकीणबाईने वाडग्यात लालसर, जाड शेवयांसारखं काही आणलं. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला.

"काऊन थांबली आई? तिखट हाय का?"

"पोरा, हे जवारीचं हाय."

विचारलं तर खरंच, लाल ज्वारी. मालकीण येईल त्याला ते हौसेने वाढत होती. मला रडू आलं.

रेणुका, आता लिहितेच. भूषणच्या साखरपुड्याला तू पहाटेपासून ज्वारीच्या भाकऱ्या थापल्यास. हैदराबादचे पाहुणे नावं ठेवतील म्हणून ती टोपली मी कोठीत झाकून ठेवली. आणि व्याह्यांनीच भाकरी मागितली, तेव्हा भर पंगतीत म्हटलं, "रेणुकानं केल्याच नाई." तू मान खाली घातलीस. दुसऱ्या दिवशी चूल वेगळी मांडलीस. लोक तुलाच बोल लावतात आणि मी गुमान ऐकून घेते.

वीस तारखेला येते. आधी भावकीला गोळा करून टोपली कुठे होती ते सांगेन. मग तुझ्या चुलीपुढे येऊन बसेन. वाढायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्या भाकऱ्या लपवणारी,
भागाबाई