डावीकडचा हिसका

४ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच. तिसऱ्या वळणातून गाडी सरळ होत असताना डाव्या पुढच्या चाकाला कारण नसताना ब्रेक लागला. बाबा घसरत नव्हते, शंकूही लांब होता. तरी हिसका.

"खेकडा आज परत लंगडतोय," घड्याळवाले काका म्हणाले. मैदानावर सगळ्यांच्या वेळा तेच घेतात आणि सगळ्यांच्या गाड्यांना नावंही तेच ठेवतात. आमची आडवी चालते म्हणून खेकडा. बाबा हसले. मला हसू आलं नाही, कारण लंगडं मी केलंय.

कंपनीने दिलेलं ईएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, रस्त्यासाठी असतं. गाडी जरा सरकली की ते घाबरतं, इंजिन दाबतं, एखादं चाक धरतं. मोकळ्या मैदानावर शंकूंमधून घड्याळाशी शर्यत लावायची तर थोडं सरकावंच लागतं. म्हणून मागच्या वर्षी मी त्याच्या मर्यादा सैल केल्या. एक अट मात्र उलट कडक केली — स्टीअरिंग फार झटकन हललं की चालकाचा तोल गेलाय असं समजून त्याने ताबडतोब मदतीला यावं. बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. ती अट त्यांच्यासाठी होती.

घरी आल्यावर म्हटलं, "तो हिसका काढून टाकते."

"राहू दे गं. सवय झालीय मला त्याची."

चुकीच्या गोष्टीची सवय कशाला व्हायला हवी?

७ फेब्रुवारी, बुधवार

स्टीअरिंगचा सेन्सर बदलला. आई गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही बापलेक गाडीखाली झोपून जेवढं बोलता त्याच्या पाव हिश्शाने जेवणाच्या टेबलावर बोललात तर मला रेडिओ लावावा लागणार नाही." बरोबर आहे तिचं. पण आम्ही गाडीखालीसुद्धा गाडीबद्दलच बोलतो.

११ फेब्रुवारी, रविवार

नवा सेन्सर, तोच हिसका.

संध्याकाळी गाडीतल्या नोंदींचे आलेख काढून बसले. जिथे स्टीअरिंगची रेघ गुळगुळीत हवी तिथे बारीक दाते आहेत, करवतीसारखे. सेकंदाला पाचेक. सरळ पट्ट्यावर आहेत, वळणावर आहेत. ईएससी बिचारं त्यांनाच झटका समजतंय. सेन्सर खराब झाला तर वेडंवाकडं काहीतरी देतो. हे फार नीटनेटकं आहे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसमधून लवकर निघून खेकडा एकटीने मैदानावर नेला. त्याच वळणांवरून, तेवढ्याच वेगाने. एकही हिसका नाही. रेघ स्वच्छ.

दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. गाडी तीच, सेन्सर तोच. बदलले ते फक्त स्टीअरिंगवरचे हात.

बाबा दातांचे डॉक्टर आहेत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. कप बशीतून उचलला, प्यायले, ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही. उभं राहून चष्म्याचा छोटा स्क्रूही बसवला.

"त्यांच्या हातात काय सोनं दिसलं का तुला?" आईने विचारलं.

म्हणजे रोज नसेल. शर्यतीच्या ताणाने होत असेल. ताणाने कुणाचाही हात थरथरतो. मी हे इथे लिहितेय आणि मला पटतंयसुद्धा. पटावं अशी माझी इच्छा आहे, हेही कळतंय.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सेन्सर आणि ईएससी यांच्यामध्ये मी बनवलेली एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी आहे. तिच्यात आज गाळणी घातली. त्या ठरावीक वेगाची थरथर ईएससीपर्यंत पोचणारच नाही. खरा झटका पोचेल, पण किंचित उशिरा. उशीर किती तो मोजला, चालण्यासारखा आहे. काम सुबक झालं.

बाबांना सांगितलं नाही. काय केलं हे सांगायचं तर का केलं हेही सांगावं लागेल. आणि ते सांगितलं तर प्रश्न रविवारचा राहत नाही, सोमवार ते शनिवारचा होतो. दवाखाना बंद करा, हे वाक्य मी त्यांच्यासमोर म्हणून बघितलं — मनातल्या मनात. शेवटपर्यंत जाता आलं नाही.

अंतिम फेरी मार्चअखेर आहे. ती होऊ दे. मग बोलू.

१८ फेब्रुवारी, रविवार

हिसका गेला. बाबांची या हंगामातली सर्वांत चांगली वेळ. काकांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

गाडी थांबल्यावर बाबा लगेच उतरले नाहीत. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसले होते. मी खिडकीशी गेले.

"काय केलंस गाडीला?"

"सेन्सर बदलला होता ना. नीट बसला नव्हता, बसवला."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"नक्की?"

"बाबा, वेळ चांगली आली तर तुम्हाला शंका का येते?"

मग उतरले. माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जास्तच जोरात.

२५ फेब्रुवारी, रविवार

आजही नाही. परतताना बाबा शीळ वाजवत होते. आई म्हणाली, "हा माणूस अचानक तरुण झालाय, लक्ष ठेवायला हवं." मला अभिमान वाटला. तो कशाचा होता हे लिहायला नको.

३ मार्च, रविवार

स्वच्छ. बाबा दुसरे आले. डबीतला गाळण्याआधीचा आलेखही साठतो, तो मी हल्ली उघडत नाही.

१२ मार्च, मंगळवार

दुपारी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन. "ताई, घाबरू नका, पण लगेच या."

शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका दाढ भरून घ्यायला आल्या होत्या. फिरतं यंत्र दाढेवरून सुटलं आणि जीभ कापली गेली. खोल. बाबांनी यंत्र ठेवलं, दाबून रक्त थांबवलं, आणि टाके मात्र घातले नाहीत. सिस्टरला समोरच्या तरुण डॉक्टरांना बोलवायला धाडलं. "सर म्हणाले, माझ्या हाताने नको."

बाई तोंडात कापूस घेऊन बसल्या होत्या. समोरून जाताना त्यांनी बाबांचा खांदा थोपटला. बोलता येत नव्हतं. बाबांनी मान वर केली नाही.

"बाई आता आठ दिवस बोलणार नाहीत. सगळी गल्ली सरांचे आभार मानेल," सिस्टर मला बाहेर म्हणाल्या, आणि लगेच रडायला लागल्या.

बाबा पेशंटच्या खुर्चीत बसले होते. वरचा दिवा तसाच चालू होता. "हात सुटला," एवढंच म्हणाले. मी दिवा बंद केला.

१३ मार्च, बुधवार

मला माहीत होतं. बाईंच्या जिभेला कळायच्या कितीतरी आधी मला माहीत होतं, आकड्यांसकट. मी काम करते त्या कारखान्यात कुणी असं केलं असतं — दोष सापडला आणि तो दिसू नये अशी सोय केली — तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं.

मी स्वतःला सांगत होते की बाबांना जपतेय. जपत होते ते एक संभाषण टाळायला. गाळणी गाडीसाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. हात थरथरतो हे मला ऐकायचं नव्हतं.

आज दवाखान्याला कुलूप आहे. आईने दुपारचं जेवण तीनदा गरम केलं.

१६ मार्च, शनिवार

सांगितलं. गॅरेजमध्ये, लॅपटॉप गाडीच्या टपावर ठेवून. आधी त्यांचा आलेख, मग माझा, मग गाळलेला.

त्यांनी चष्मा लावला. एक्सरे बघतात तसे वाकून बघत राहिले. मला वाटलं होतं विचारतील, किती वाढलंय, यावर उपाय काय. मी सगळं वाचून ठेवलं होतं.

"हे गाळणं कधी घातलंस?"

"सतरा फेब्रुवारीला."

"अठराला मी तुला विचारलं होतं."

"हो."

"दोनदा."

"हो, बाबा."

चष्मा काढला, शर्टाने पुसला, खिशात ठेवला. वर गेले. आईने जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक नाही.

१७ मार्च, रविवार

मैदानावर गेलो नाही. सकाळी बाबा स्वतःच माझ्या खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. जवळपास त्यांच्याच शब्दांत लिहितेय.

"थरथर आहे हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. त्यावर गोळी असते. ती घेतली की हात दगडासारखा राहतो. शनिवारी दवाखाना बंद झाला की गोळी सोडायचो आणि रविवारी गाडीत बसायचो. किती उरलंय ते बघायला. हात नुसता पुढे धरला तर माणसाला हवं ते दिसतं. गाडी काही माझं मन राखत नव्हती. हिसका आला की सोमवारी सकाळी परत गोळी.

"मग हिसके थांबले. तुला विचारलं. तीन रविवार वाट बघितली. आणि गोळी बंद केली."